पेशी धरत नाहीत

तांडापेठ, नागपूर
८ मार्च १९८१

श्री. अनंतराव यांस,

तुमचं पत्र मिळालं. या वेळी पाकिटावर माझं नाव होतं.

तुम्ही लिहिता की तिथे विजेच्या दाबाने सुईतून ओढलेला धागा उत्तम येतो. इथल्यापेक्षा बारीक, इथल्यापेक्षा सारखा. यंत्र नवं आहे, वीज जात नाही, खोलीत धूळ नाही. पण त्या धाग्याच्या जाळीवर कातडीच्या पेशी धरत नाहीत. सोडल्या की गोल होतात आणि सुटून तळाशी जातात. इथे, कॉलेजच्या मागच्या खोलीत, गंजलेल्या ट्रान्सफॉर्मरवर आपण केलेल्या जाळीवर त्या पसरल्या होत्या, एकमेकींना भिडल्या होत्या. त्याच जाळीचा फोटो पाहून तुम्हाला इंग्लंडमधली ही जागा मिळाली. जळलेल्या माणसाच्या अंगावर अशी जाळी घालावी आणि तिच्या आधाराने त्याची कातडी पुन्हा यावी, असं तुम्ही त्यांना लिहून दिलंत. आता ते विचारतात, कुठे आहे. ऑक्टोबरपर्यंत दाखवता आलं नाही तर जागा जाते.

इथे वेगळं काय होतं, मला काही आठवतं का, असं तुम्ही विचारता.

मला ठाऊक आहे. अंदाज नाही. तुम्ही गेल्यावर यंत्र झाकून ठेवलं होतं, कॉलेजच्या प्रयोगशाळेतली माझी नोकरी तेवढी चालू राहिली. मागच्या उन्हाळ्यात मी ते उघडलं आणि दोन जाळ्या केल्या, एक तुमच्या तिथल्यासारखी, एक आपल्या इथल्यासारखी. एकीवर पेशी धरल्या, दुसरीवर धरल्या नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली कारण दिसतं.

ते मी फुकट सांगणार नाही.

तुम्ही आईंना पत्र लिहा. तिथे तुमचं घर आहे, बाई आहे, दोन वर्षांचा मुलगा आहे, असं लिहा. सुमतीचा यात दोष नाही, हे वाक्य जसंच्या तसं लिहा. आणि फोटो पाठवा. त्यांना वाचता येत नाही, पत्र मीच वाचून दाखवणार, म्हणून फोटो हवा.

मूल झाल्याचं तुम्ही मला कळवलं तेव्हा बजावलं होतं, आईला सांगू नकोस, ती सहन करणार नाही. मी दिवाळीपर्यंत पाळलं. दिवाळीत सांगून पाहिलं. त्यांनी शेजारच्या मैनाबाईंना हाक मारून बोलावलं आणि सून माझ्या लेकावर आळ घेऊन राहिली म्हणून सांगितलं. तेव्हापासून सणावाराला त्या माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. तुम्ही येत नाही त्याचं कारण मी. मला मूल नाही त्याचं कारणही मी. तुम्ही पाच वर्षं समुद्रापलीकडे आहात याने त्यांच्या हिशेबात फरक पडत नाही.

मागच्या वर्षी पिवळ्या मारबतीचा पुतळा जाळायला नेताना चौकातून गेला तेव्हा सगळ्या बाया ओरडत होत्या, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत. आईंनी माझा दंड धरून मला पुढे ढकललं आणि त्या म्हणाल्या, "हिले बी घेऊन जा." सगळ्या हसल्या. मीही हसले.

तुमच्याकडे वेळ आहे. फार नाही.

सुमती


तांडापेठ
१९ एप्रिल १९८१

श्री. अनंतराव यांस,

तुम्ही मला प्रिय म्हटलं आहे. तुमची मराठी बिघडली. 'मी तुला मिस करतो' असं कोणी लिहीत नाही.

तुमच्या अंदाजांची उत्तरं देते. सुई नाही. तांब्याची पाटी नाही. इथलं क्लोरोफॉर्म अशुद्ध होतं म्हणून नाही. मी गाळून, उकळून पाहिलं. पॉलिमरचा डबा नाही. विजेचा दाब वरखाली व्हायचा म्हणूनही नाही. ते वाचून मला जरा हसू आलं. तुम्ही अंदाज करत राहा, मी नाही म्हणत राहीन. एक पत्र जायला दहा दिवस लागतात, यायला दहा.

शोधनिबंधावर माझं नाव घालायला तुम्ही तयार आहात. ते आधी सुचलं असतं तर मी आनंदाने रडले असते. आता नको.

पत्र वाचून आई मरेल, असं तुम्ही लिहिता. त्या मरणार नाहीत. काल भाजीवाल्याशी वांग्यांवरून भांडून त्यांनी त्याची पाटी उपडी केली. उजवा डोळा गेला, पण डाव्यातला मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना गल्लीच्या टोकापर्यंतचं दिसतं.

शेवटच्या पानावर तुम्ही जळलेल्या माणसांची आठवण करून देता. माझ्या हट्टापायी त्यांचा जीव जाईल, असं म्हणता. म्हणून हे सांगते. आपल्या मागच्या घरातली भागीरथा जळाली. स्टो भडकला असं तिच्या सासरचे सांगतात. मी वॉर्डात पाहायला गेले. तिला केळीच्या पानांवर निजवलं होतं. पाठीला काही चिकटू नये म्हणून पान, पण पान बदलताना तेही चिकटून यायचं. तिने मला ओळखलं. सासू दाराशी बसून होती, भागीरथा कोणाशी काय बोलते ते ऐकायला. भागीरथा पाण्याशिवाय काही बोलली नाही. गुरुवारी गेली.

तिला तुमची जाळी लागू पडली असती का, मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. उंदराच्या चार पेशी बशीत धरल्या यापलीकडे तुम्ही आणि मी काही केलेलं नाही. भागीरथेच्या नावाने माझ्याकडे काही मागू नका. तुम्ही ती जागा मागता आहात. जागेच्या नावाने मागा.

फोटोची वाट पाहते.

सुमती


तांडापेठ
२१ जून १९८१

श्री. अनंतराव यांस,

आईंच्या नावाचं पाकीट आलं. मी ते त्यांच्यासमोर फोडलं. आत दोन ओळी. तब्येतीला जप, मी मजेत आहे, थंडी संपली. सोबतच्या पार्सलात लोकरीचा स्वेटर. माझ्या पत्रात मात्र तुम्ही लिहिता की आईला सगळं कळवलं, आता तू शब्द पाळ.

दोन्ही पाकिटं एकाच घरात येतात आणि दोन्ही मीच वाचते, हे तुम्ही विसरलात. की मी वाचून दाखवताना तुमच्या वतीने ते घालीन असं तुम्हाला वाटलं? ज्या बाईने दिवाळीपर्यंत तुमचं खोटं सांभाळलं, ती तुमचं खरंही तुमच्यासाठी बोलून टाकील?

आईंनी स्वेटर घातला. पाऊस ओढ देऊन बसला आहे, अंगाची लाही होते आहे, आणि त्या स्वेटर घालून गल्लीभर फिरून आल्या. सिंधूताईंनी विचारलं, कशी आहे लोकर. म्हणाल्या, "मायची आठवण हाय पोराले. तुमच्याइच्या पोराइले इतवारीच्या बाजारातून आणायची बी नाई." घरी येऊन भोवळ आली. मी पाठीवर ओलं फडकं ठेवलं तेव्हा मला म्हणाल्या, असा लेक तुझ्या नशिबी आला आणि तुला ठेवता आला नाही.

या पाकिटात मीही एक फोटो घातला आहे. मागच्या आठवड्यात केलेली जाळी. भिंग तेच, तुमचं. नीट पाहा. पेशींनी धाग्याला पाय पसरून धरलं आहे. कोपऱ्यात डाव्या हाताला तर धागा दिसतही नाही, इतक्या दाट आल्या आहेत. हे मी कॉलेजच्या खोलीत एकटीने केलं आणि मग बशी धुऊन टाकली.

हा फोटो तुम्ही तिथे दाखवू शकता. ते म्हणतील, करून दाखवा.

सुमती


तांडापेठ
२ ऑगस्ट १९८१

श्री. अनंतराव यांस,

पत्र आणि फोटो मागच्या आठवड्यात आले.

आई उंबऱ्याशी लाखोळीची डाळ निवडत होत्या. मी समोर बसून वाचलं. आई, मी इथे संसार केला आहे. मला मुलगा आहे, त्याचं नाव डॅनियल. सुमतीचा यात दोष नाही. हे वाक्य मी सावकाश वाचलं. मी या वाक्यासाठी थांबले होते. गल्लीतल्या चारजणी असताना वाचावं असंही मनात होतं, पण तेवढा धीर निघाला नाही.

त्यांनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "पुन्हा वाच वं."

मी पुन्हा वाचलं. त्या मुलगा आहे या शब्दापर्यंत ऐकत होत्या. पुढचं त्यांच्या कानावरून गेलं. फोटो माझ्या हातातून घेऊन त्या उन्हात गेल्या, डोळ्याजवळ नेला, लांब धरला.

"नाक आज्यावर गेलं," म्हणाल्या.

मग त्या रडल्या. मी त्यांना एवढं मोकळं रडताना मामंजी गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता त्या माझ्याकडे पाहतील. त्यांनी डोळे पुसले, कनवटीची पुरचुंडी सोडली आणि मला इतवारीत संत्रा बर्फी आणायला पाठवलं.

बर्फी घरोघर द्यायला त्यांनी मला बरोबर घेतलं. डबा माझ्या हातात, फोटो त्यांच्या. प्रत्येक दारात त्या म्हणायच्या, नातू झाला. बाया आधी माझ्या पोटाकडे पाहायच्या, मग तोंडाकडे. सिंधूताईंनी सरळ विचारलं, "कोणाले झाला वं?"

"अनंताले," आई म्हणाल्या. "घे, तोंड गोड कर."

मी डबा पुढे केला. मैनाबाईंनी बर्फी घेतली आणि माझ्याकडे पाहून डोळे खाली घातले. गल्लीत तेवढ्याच एकीने. दिवाळीत मी खोटं बोलले नव्हते हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं, पण त्याचं कोणाला काही नव्हतं. बर्फी ताजी होती.

फोटोत तुमच्या शेजारी ती बाई आहे. आईंनी फोटो फ्रेम करायला दिला तेव्हा तिच्या बाजूची पट्टी मागे दुमडून घेतली. तिचा हात तेवढा मुलाच्या खांद्यावर राहिला आहे. तो काढता आला नाही. देवाजवळ मामंजींच्या शेजारी फ्रेम लावली आहे. तिच्याबद्दल मला वाईट वाटलं, हे तिला सांगितलंत तरी चालेल.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी भांडी आवरत होते. त्या मला म्हणाल्या, "मंग तू इथं काहून राहून राहिली वं?"

रागाने नाही. लग्नघरातून कोणाचं तरी पातेलं चुकून आपल्याकडे राहावं आणि त्याच्याबद्दल विचारावं, तसं. मी हातातलं भांडं पालथं घातलं.

तुमच्या पत्राचा शेवट मी तेव्हाच वाचून दाखवला होता. सुमतीला सांग, आता तिने शब्द पाळावा, नाहीतर मला इथलं सगळं सोडून परत यावं लागेल. ते गाळता आलं असतं. तुम्ही ते आईंना माझ्या अंगावर घालण्यासाठी लिहिलं, हे कळत होतं. तरी वाचलं, कारण या घरात निदान एक पत्र पूर्ण वाचलं जावं असं वाटलं. आता आईंना त्याची आठवण झाली. कोणता शब्द, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. तुमचं काम अडलं आहे, ते कशाने सुटेल ते मला माहीत आहे, सांगितलं तर तुमची तिथली जागा कायमची होईल.

त्यांनी देवाजवळच्या दिव्यात तेल घातलं.

"आन् नाई सांगितलं त?"

मी म्हटलं, तर ऑक्टोबरनंतर ते येतील.

"पोराले घेऊन?"

मुलाला सोडून कसे येतील, मी म्हटलं.

"मंग नको सांगू."

मी म्हटलं, तुमच्या लेकाचं आयुष्याचं काम आहे ते.

"काम का इथं नाई भेटत? खापरखेड्याले भेटन, कुठंबी भेटन. नको सांगू त्याले. येऊ दे." आणि माझा हात आपल्या हातात घेतला. लग्नानंतर प्रथमच. "मायी आन हाय तुले."

खालच्या ओळी त्यांच्या. त्या सांगतात तसं लिहिते.

अनंता, पोराले घेऊन ये. बाईले बी आण, आपल्याले काई म्हणायचं नाई. नोकरी गेली त जाऊ दे. तुया बापानं मागावर जिनगी काढली, कोणी उपाशी नाई मेलं. माया एक डोळा गेला, दुसरा हाय तंवर ये.

एवढंच. तुम्ही अट पाळली आहे. मी अजून पाळलेली नाही. तुमची आई मला रोज विचारते, लिहिलं तर नाही. तुम्ही मला रोज विचारत असाल, का लिहिलं नाही. तुम्हा दोघांना एकाच वेळी माझी एवढी गरज कधी पडली नव्हती. मला हे थोडे दिवस असंच राहू द्या.

सुमती


तांडापेठ
३१ ऑगस्ट १९८१

श्री. अनंतराव यांस,

तुमची तार मिळाली. तारेत शब्दाला पैसे पडतात, तरी तुम्ही प्लीज दोनदा घातलं आहे.

काल पोरांचा तान्हा पोळा झाला. आईंनी नातवासाठी लाकडी बैल आणला, चाकांचा, शिंगांना बेगड लावलेला. स्वतः दोरी धरून मारुतीच्या देवळापर्यंत ओढत नेला. सगळीकडे पोरंटोरं आणि मध्ये ही म्हातारी. कोणी हसलं की सांगायची, पुढच्या वर्षी मालक येऊन राहिला बैलाचा. खिडकीची खोली त्यांनी रिकामी करून घेतली आहे. माझी पेटी पडवीत आहे. मुलाचं नाव त्यांना येत नव्हतं. दळताना, अंघोळ करताना म्हणत राहतात. आता जवळजवळ बरोबर येतं.

तुमचं उत्तर असं.

नागपूरच्या उन्हाळ्यात सूत कोरडं पडून तुटतं. म्हणून माग असलेल्या घरात बायका मागाच्या खड्ड्याभोवतीची जमीन सकाळीच ओली करून ठेवतात. आई ठेवायच्या. लग्न होऊन आल्यावर मी ठेवू लागले. कॉलेजच्या त्या खोलीतही मी सवयीने रोज फरशीवर पाणी मारत असे आणि खिडकीला भिजवलेलं पोतं लावत असे. तिथलं ते सूत नव्हे, पण मला धागा म्हटला की हेच ठाऊक. तुम्ही येऊन काम सुरू करायचे तेव्हा फरशी ओली असायची. ती कोणी ओली केली, कशाला केली, हे तुमच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. तुमच्या वडिलांच्याही आलं नसेल. माग चालवणारा माणूस जमिनीकडे पाहत नाही. तुमच्या टिपणात विजेचा दाब आहे, द्रावणाचं प्रमाण आहे, सुईपासून पाटीचं अंतर आहे. पाणी नाही.

धागा सुईतून निघतो तेव्हा क्लोरोफॉर्म उडून जातं आणि धागा गार पडतो. हवा ओली असली की त्या गार धाग्यावर दवासारखे थेंब धरतात. ते सुकले की जागेवर बारीक खळगे राहतात. पेशी त्या खळग्यांना पकडतात. तुमचा धागा गुळगुळीत आहे, त्यांना पकडायला काही नाही. पहिल्या वर्षी तुम्ही कौतुकाने लिहिलं होतं की तिथे खोलीतली हवासुद्धा यंत्राने कोरडी करून सोडतात. ते यंत्र बंद करा. फरशीवर पाणी मारा, भिजलेलं कापड लावा. पायात रबरी चपला घाला, नाहीतर झटका बसतो. मला बसायचा. पहिल्याच जाळीवर पेशी धरतील. हे पत्र तुम्हाला सप्टेंबरच्या मध्यात मिळेल. पुरेसा वेळ आहे.

वकिलाकडून घटस्फोटाचे कागद करून घेतले, माझी सही करून सोबत ठेवले आहेत.

मी हे का सांगते, असं तुम्हाला वाटेल. तुम्हाला ती जागा मिळावी म्हणून नाही. न सांगितलं तर तुम्ही हरून इथे याल, मुलाला घेऊन, आणि आईंना हवं ते सगळं मिळेल. बर्फी पुन्हा वाटली जाईल, डबा माझ्या हातात असेल. सांगितलं तर तुमची जागा कायमची होईल, तुम्ही तिथे मोठे व्हाल आणि येणार नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षी नाही. तुम्ही येणाऱ्यातले नाही, हे तुमच्या आईपेक्षा मला जास्त माहीत आहे. मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि मग शब्द पाळायचा ठरवला.

मी उद्या सकाळी जाते. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या पोत्यांचा कारखाना आहे, तिथे प्रयोगशाळेत जागा मिळाली. राहायला खोली आहे. आईंना वाटतं, नातू यायच्या आत मी आपण होऊन बाजूला होते आहे. मी तसंच वाटू दिलं. त्यांना खरं सांगायचं असेल तर तुम्ही पत्र लिहा. वाचून दाखवायला मी नसेन. मैनाबाईंच्या घरातही कोणाला वाचता येत नाही. पोस्टमन थांबला तर थांबला.

आज त्यांनी माझ्यासाठी वडा-भात केला. सणाचं काल होऊन गेलं होतं, हा माझ्यासाठी केला. समोर पाट मांडून मला बसवलं आणि स्वतः वाढलं. आधी विचारलं, "लिहिलं त नाई ना वं त्याले?"

मी नाही म्हटलं.

त्यांनी भातावर फोडणीचं तेल घातलं, मग आणखी घातलं. म्हणाल्या, "पोटभर जेव. तिथं कोण वाढन तुले." जेवताना त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी दोनदा भात घेतला.

सुमती